खुर्ची विणायला दिली आहे

पडदा उघडला आणि मास्तरांना आपली खुर्ची दिसली. आपल्यासारखी नव्हे, आपलीच. बाहेर काढलेल्या चपलांच्या ढिगातून पाय जसा आपली चप्पल न बघता शोधून काढतो, तशी मास्तरांच्या बुडानं ती खुर्ची ओळखली. डोळ्यांनी नंतर होकार दिला. रुंद हातांची, जड, पाठीला वेताची वीण, आणि उजव्या हातावर कपाच्या बुडाचं पांढरं वर्तुळ. ते वर्तुळ मास्तरांनी स्वतः, रोज एक कप याप्रमाणे, अकरा वर्षं खपून तयार केलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ते कामावरून घरी आले तेव्हा खुर्चीच्या जागी फरशीवर फक्त चार स्वच्छ चौकोन होते. "खुर्ची विणायला दिली आहे," बायको म्हणाली होती. वेत सैल झालाच होता, तेव्हा मास्तरांनी गुमान पलंगाच्या कडेवर बसून चहा घेतला होता. पलंगाच्या कडेवर बसलेला माणूस आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा दिसतो. दोन आठवडे मास्तर स्वतःच्या घरी कुणातरी आजाऱ्याला भेटायला जात होते, आणि खुर्ची मात्र इथं, निळसर उजेडात, सहाशे लोकांसमोर ऐटीत बसली होती. ते बायकोकडे झुकले. "अगं, ती बघ." "श्श," बायको म्हणाली. "अगं पण ती आपली–" "अहो, नाटक सुरू झालंय," बायको म्हणाली. तेही एखादं मोठं ऑपरेशन सुरू झालंय अशा सुरात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि विजेच्या सुरीनं एका दमात सगळे कापायचे. एक चूक झाली की पन्नास पहारेकऱ्यांच्या पँटी एकदम आखूड. कटिंगच्या खोलीत बसायला काही नव्हतं, कारण बसलेला माणूस वाकडं कापतो असं मालकांचं मत होतं. मालक स्वतः दिवसभर बसून असत आणि त्यांनी आयुष्यात काहीच कापलं नव्हतं, त्यामुळं या मताला विरोध करता येत नव्हता. संध्याकाळपर्यंत मास्तरांचे पाय पावासारखे फुगत, आणि बसमध्येही जागा मिळाली तरी ते बसत नसत. भूक राखून ठेवावी तसं ते बसणं राखून ठेवत. घरी यायचं, "कोणी आलं होतं?" विचारायचं, "कोण येणार?" हे उत्तर ऐकायचं, आणि मग बसायचं. बसल्यावर पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. हा नियम कुणी केला नव्हता. भिंत ही भिंत आहे असा नियम कुणी करत नाही, पण म्हणून कुणी तिच्यातून चालत जात नाही.

नाटक मेहुण्यानं बसवलं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ दिवसा विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना अस्वस्थ करायचा. मघाशी दाराशी उभा होता, सिल्कचा कुर्ता घालून, घामाघूम. "दाजी, आलात! दाजी, उघड्या मनानं बघा हं," असं म्हणून त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला होता, जणू मास्तरांचं कुणी गेलं होतं. मास्तरांना नाटकं आवडत नसत. आवडत नसत म्हणण्यापेक्षा त्यांना ती पूर्ण अशी दिसलीच नव्हती. लहानपणी वडिलांनी एकदा नेलं होतं तेव्हा पुढ्यात नेमका खांब आला. खांबाच्या डावीकडून एक माणूस आत जायचा, उजवीकडून ओरडण्याचा आवाज यायचा, आणि वडील डोळे पुसायचे. कोण मेलं ते मास्तरांना अजून माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा, लग्न ठरल्यावर, या बायकोबरोबर. तेव्हा खांब नव्हता, पण दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला अंधारात मऊ जागेवर बसवलं की काय होतं तेच झालं. मास्तर घोरले. नटी म्हणे नवऱ्याच्या प्रेताजवळ बसली होती, आणि प्रेत घोरतंय असं मागच्या लोकांना वाटलं. त्यानंतर बायको शेजारणीबरोबर नाटकाला जायला लागली. आणि आज, कितीतरी वर्षांनी, तिनं स्वतः तिकीट पुढं केलं होतं. मास्तरांना वाटलं होतं, झालं गेलं विसरली बहुतेक. आता त्यांना कळलं की काही माणसं विसरत नाहीत, तयारी करतात.

नट आला. त्याची पँट मागच्या बाजूनं घोळत होती. बैठक चुकलेली होती आणि कापणाऱ्याला त्याची लाजही नव्हती. त्यानं पिशवी खुंटीला लावली आणि विचारलं, "कोणी आलं होतं?" नटी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "कोण येणार?" आणि सगळं सभागृह हसलं. मास्तरांना समजेना. साधा प्रश्न, साधं उत्तर, यात हसण्यासारखं काय होतं? त्यांनी तो प्रश्न आजवर हजारो वेळा विचारला होता आणि एकदाही कुणी हसलं नव्हतं. शेजारी बायको हसत होती. ती घरी नाकातून हसायची, शिंक अडवल्यासारखी. इथं ती तोंड उघडून, मान मागं टाकून हसत होती, आणि तिला इतके दात आहेत हे मास्तर प्रथमच बघत होते. त्यांना तिडीक आली. पण तिडीक कुठं न्यायची ते कळेना, कारण दोन्ही बाजूंना गुडघे होते. एवढ्यात नट खुर्चीकडे गेला आणि बसला. तो कसा बसला हे सभागृहात एकट्या मास्तरांनी पाहिलं. खुर्चीचा डावा हात खिळखिळा होता. त्यावर भार दिला की तो उचकटून बोटाची कातडी चिमटीत धरायचा. नव्या माणसाला तो चावल्याशिवाय राहत नसे. मालक एकदा चहाला आले होते तेव्हा त्यांना चावला होता, मेहुण्याला दोनदा. आणि हा नट, हा परका, घोळदार पँटीचा इसम, डावा हात मांडीवर ठेवून, उजव्या कुशीवर किंचित कलून, मास्तर बसतात तस्साच, अलगद बसला. हे काही दोन दिवसांत येत नाही. यासाठी बोटाचं रक्त निघावं लागतं.

मग मास्तरांनी स्टेजकडे बघणं सोडून बायकोकडे बघायला सुरुवात केली. तिचे ओठ हलत होते. नट बोलायच्या जरासं आधी तिच्या ओठांवर वाक्य येऊन जायचं, आणि मग ते तिकडून मोठ्यानं ऐकू यायचं, म्हणजे बायको कुजबुजत नव्हती, ती पाठवत होती. नटी चिडायची तिथं हिच्या भुवया आधी वर जात. नट एकदा एक शब्द गाळून पुढं गेला तर हिनं मांडीवर चापटी मारली. मास्तरांच्या डोक्यात एकेक गोष्ट आपली आपण मांडली जायला लागली, कुणी घडी घातलेलं कापड उलगडावं तशी. मोरीत पालथे घातलेले सात कप. विचारलं तर, "सगळेच घासून ठेवले एकदा." खिडक्या उघड्या टाकून बसलेली बायको आणि तरी पडद्याला येणारा सिगारेटचा वास. शेजारीण जिन्यात भेटली की तिचं ते हसू, आणि "बरंय बाई तुमच्याकडे," हे वाक्य, ज्याचा अर्थ मास्तरांनी पगारवाढ असा लावला होता. आणि खडू. देवा रे, खडू! गेले कित्येक महिने बैठकीच्या खोलीत फरशीवर निळ्या खडूच्या फुल्या सापडायच्या. एक खिडकीपाशी, दोन दाराशी, एक खुर्चीच्या पुढ्यात. "तुमच्या खिशातून सांडतो तो," बायको म्हणायची. "दिवसभर खडू, घरी आलं तरी खडू. पुसा आता तुमचं तुम्ही." मास्तरांच्या खिशात खडू असायचाच. तेव्हा खडूचा तुकडा खिशातून पडून बरोबर फुलीच्या आकारात कसा सांडतो, असा प्रश्न त्यांना एकदा पडला होता, पण पाय इतके दुखत होते की तो त्यांनी पुढं चालवला नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास बसून झालं की ते ओलं फडकं घेऊन, ओशाळे होऊन, गुडघ्यांवर रांगत नटांच्या उभं राहण्याच्या जागा पुसत होते. आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले की ती माणसं येऊन, मास्तरांच्याच खिशातून चोरलेल्या खडूनं, त्या पुन्हा आखत होती.

मध्यंतर झालं. दिवे लागले तशी माणसं एकदम जवळच्या नातेवाइकांसारखी दिसायला लागली. बायको पर्समधून रुमाल काढत होती.

"खुर्ची आपली आहे," मास्तर म्हणाले.

"हो."

"विणायला दिली होती म्हणालीस."

"विणलीय की. नीट बघितली नाहीत? नवा वेत आहे. त्यांनीच विणून घेतली."

"तालमी आपल्या घरी होत होत्या."

"दुसरीकडे जागा नव्हती."

"रोज?"

"तुम्ही नसताना."

"आणि मी रोज विचारत होतो, कोणी आलं होतं का म्हणून!"

"विचारत होतात," बायको म्हणाली. "पण उत्तर ऐकायला कधी थांबलात? बुड टेकलं की संपलं. मी एक दिवस मुद्दाम सांगितलं, आठ जणं येऊन गेली. तुम्ही म्हणालात, बरं."

मास्तरांना हे आठवेना, पण खरं असावं असं वाटलं, आणि त्यामुळं राग दुप्पट झाला. "मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही खुर्चीत बसून तालीम बघितली असतीत. मग त्यानं कुठं बसायचं?"

पुढच्या रांगेतली एक बाई मान न वळवता ऐकत होती. तिच्या कानावरून ते समजत होतं. मास्तरांनी आवाज खाली आणला. "नाटक झाल्यावर खुर्ची घरी येईल ना आज?"

"पंचवीस प्रयोग ठरलेत. नंतर दौरा आहे."

"कुणाचा?"

"खुर्चीचा. आणि माझा. मी प्रॉम्प्टर म्हणून जातेय. आज तुमच्याजवळ बसायचं म्हणून दुसऱ्या कुणाला तरी उभं केलंय, आणि तो गोंधळ घालतोय." तिनं रुमालानं मानेचा घाम पुसला. "हे सांगायलाच आणलं होतं तुम्हाला. घरी सांगितलं असतं तर 'बरं' म्हणाला असतात."

मास्तर उठले. पुरुषांचं स्वच्छतागृह स्टेजच्या बाजूच्या बोळात होतं, आणि ते तिकडेच निघाले होते, निदान पायांची तशी समजूत होती. बोळाच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं होतं. दाराशी बनियनवर एक माणूस विडी ओढत उभा होता. "काय पाहिजे?" त्यानं विचारलं. "पँट बघायला आलोय," मास्तर म्हणाले. "आलात का एकदाचे! जा जा, अब्रू गेली राव तिच्यापायी," असं म्हणून त्यानं दार पुरतं उघडलं. आत दोऱ्या, लोंबते पडदे, उलट्या बाजूनं भिंती. घराच्या भिंती मागून बघितल्या तर नुसत्या फळ्या आणि गोणपाट. एका फळीवर खडूनं 'यांचं घर' असं लिहिलं होतं, निळ्या खडूनं. मास्तर त्या घराच्या दारातून आत गेले. पडदा बंद होता. खोली त्यांच्या खोलीएवढीच होती. खिडकी तिथंच, खुंटी तिथंच, आणि फरशीवर फुल्या, कुणीही न पुसलेल्या. दहा तास उभं राहून इथं आलो आहोत हे त्यांच्या पायांना आठवलं. ते डावा हात मांडीवर ठेवून, उजवीकडे किंचित कलून बसले. नवा वेत ताठ होता. तो अंगाखाली करकरला, नव्या नोकरासारखा. मास्तरांनी डोळे मिटले. अर्धा तास, ते मनाशी म्हणाले. अर्धा तास कुणी बोलायचं नाही.

घंटा त्यांनी ऐकली, पण कारखान्याची समजून उठले नाहीत. मग तोंडावर ऊन आलं. डोळे उघडले तर ऊन चारी बाजूंनी होतं आणि समोर, खोलीला जिथं भिंत हवी तिथं, काळा खड्डा होता. खड्ड्यात कुणीतरी खोकलं. नट चहाचे दोन कप घेऊन आत आला, खुर्चीकडे वळला, आणि जागच्या जागी गोठला. क्षणभर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकाच बाथरूमच्या दाराशी दोन पाहुणे यावेत तसं. नटाच्या कपाळावरच्या रंगातून घामाची धार निघाली. मग तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, काका! कधी आलात?"

मास्तर काही बोलले नाहीत. बोललो तर उठावं लागेल एवढं त्यांना कळत होतं.

"काकांना ऐकू येत नाही," नटानं आत ओरडून सांगितलं. "अगं ए, काका आलेत!"

नटी धावत आली आणि मास्तरांना बघून तिच्या तोंडून खरंखुरं "अगंबाई" निघालं. खड्डा हसला. सहाशे लोकांचं हसू अंगावर येतं तेव्हा ते उबदार असतं, हे मास्तरांना माहीत नव्हतं. तापलेल्या इस्त्रीजवळ हात नेल्यासारखं. "चहा घेणार का, काका?" नटी कानाशी वाकून किंचाळली, आणि दात न हलवता हळूच म्हणाली, "कोण आहात तुम्ही? मेल्या, उठ." कपात चहा नव्हता. मास्तरांनी तो रिकामा कप घेतला, फुंकर घातली, प्यायले, आणि सवयीनं उजव्या हातावर वर्तुळात ठेवला. पुन्हा हशा. पडद्याआड मेहुणा दिसला, कुर्त्याची बटणं तोडत. तो हातांनी उठा उठा म्हणत होता, मग मान कापल्याची खूण करत होता, मग नुसताच हात जोडून उभा राहिला. आणि नाटक पुढं निघालं. मास्तरांना वगळून नव्हे, वळसा घालून. नवरा बायकोशी भांडला तो काकांच्या डोक्यावरून. त्यानं भिरकावलेलं वर्तमानपत्र काकांच्या मांडीवर पडलं, तर मास्तरांनी ते वाचायला घेतलं, जुनं होतं. नटी रडली आणि डोळे पुसताना तिनं काकांच्या गुडघ्यावर तोल सावरला, टेबलावर सावरावा तसा. त्यांच्याकडे बघून कुणी बोलत नव्हतं आणि त्यांच्यासाठी कुणी थांबत नव्हतं. यात नवीन असं काहीच नाही, हे मास्तरांच्या हळूहळू लक्षात येत गेलं. नवीन एवढंच होतं की इथून ते दिसत होतं. आपण अर्धा तास बसतो तेव्हा घर बंद पडतं असं ते समजत होते. घर बंद पडत नव्हतं. ते त्यांच्याभोवती चालू राहत होतं, लोक हलक्या पावलांनी वळसे घालत होते, कप बदलत होते, दुःखं उरकून घेत होते. त्यांना संताप आला, पण आता तो कुणावर करायचा तेही ठरेना, नटावर करावा तर तो मघापासून त्यांच्याच आवाजात ओरडत होता, "मी काय मागतो? शांतता मागतो फक्त!" लोक आता हसत नव्हते. अंधारातून त्या वाक्याकडे चिडलेली, थंड, मोठी अशी एक शांतता येत होती, आणि मध्ये खुर्ची असल्यामुळं ती नटाच्या आधी मास्तरांना लागत होती.

नटानं पिशवी खुंटीवरून काढली आणि तो गेला. दार आपटलं. उजेड आकसत आला. खिडकी गेली, खुंटी गेली, टेबल गेलं. उरली खुर्ची, तिच्यात मास्तर, आणि समोर उभी नटी. ती हलेना. दोघांवर मिळून एकच गोल उजेड होता आणि तो एकाच माणसाच्या मापाचा होता. ती वाकली. तिच्या काखेत ब्लाउज काचत होता, श्वासाला खोकल्याच्या गोळीचा वास होता. "उठा हो," ती पुटपुटली. या वेळी चिडून नव्हे, अगदी रडकुंडीला येऊन. "शेवट आहे. मला इथं बसायचंय. बाकी काही नाही, नुसतं बसायचंय. त्याच्याशिवाय नाटक संपत नाही."

मास्तरांनी खुर्चीचा उजवा हात घट्ट धरला. नाहीच उठायचं, त्यांनी ठरवलं. बसा म्हणावं सगळ्यांनी अंधारात सकाळपर्यंत. दौरा नको, पंचवीस नकोत, हा पहिलाच संपू द्यायचा नाही. कुणी खोकलं नाही. दिव्याचा जाळ टाळूवर उतरत होता. आणि त्या काळ्या खड्ड्यातून, चौथ्या रांगेच्या अंतरावरून, बायकोचा आवाज आला. तो प्रॉम्प्टरचा नव्हता. तिनं काही पुरवलं नाही, ती कुजबुजली नाही, ओरडलीही नाही. दूध ओट्यावर ठेवलंय हे सांगावं इतक्या सरळ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली:

"उठा."

संसारात तिनं त्यांना कितीतरी गोष्टी करायला लावल्या असतील, पण बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात ती बोलली ही पहिली वेळ. भिंतीतून माणूस चालत आल्यासारखं ते मास्तरांना वाटलं. ते उठले. गुडघे कटकन वाजले, तेही सगळ्यांना ऐकू गेलं. ते उजेडाबाहेर सरकले, आणि त्यांच्या जागी ती बाई बसली. तिनं डावा हात खुर्चीच्या डाव्या हातावर पुरता टेकवला. चावलं असणारच, तिच्या गालावरून काहीतरी सरकून गेलं, पण हात तिनं काढला नाही. मागं टेकली. पाय लांब सोडले. मग तिनं काहीही केलं नाही, खूप वेळ.

टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून, आणि दिवे लागले तेव्हा लोक उभे होते. चौथ्या रांगेत बायको तेवढी बसून होती. ती वाजवत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती, आता हे काय करतात बघू या अशी, न हसता. स्टेजवर बसायला दुसरं काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मास्तरांना कळेना. म्हणून उभ्याउभ्या तेही टाळ्या वाजवायला लागले.